कोल्हापुरातील कलाप्रदर्शने आणि स्थानिक कलावंत : प्रेक्षकनिर्मितीच्या अंगाने एक चिकित्सा

प्रास्ताविक

कोल्हापूरचा उल्लेख ‘कलापूर’ असा करण्याचा प्रघात जुना आहे. समारंभाच्या प्रास्ताविकात, स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आणि प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाच्या आरंभी हा शब्द हमखास येतो. याच शहराची दुसरी ओळख विद्येचे केंद्र अशी आहे. १८८० साली येथे राजाराम महाविद्यालय सुरू झाले. १९०१ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली आणि हे शहर ‘विद्यार्थी वसतिगृहांची जननी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. १९६२ साली शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. आजही खेड्यापाड्यांतून शिक्षणासाठी येथे येणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे. कलेचे शहर आणि महाविद्यालयांचे शहर या दोन्ही ओळखी एकाच गावाच्या असूनही त्यांची परस्परांशी गाठ मात्र क्वचितच पडते.

स्थानिक चित्रकार-शिल्पकारांच्या संदर्भात चर्चा निघाली की ‘संधी नाहीत, सभागृहे नाहीत, खरेदीदार नाहीत’ अशी त्रिविध तक्रार ऐकू येते. ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु तिचा क्रम तपासून पाहण्याची गरज आहे. सभागृह असूनही प्रेक्षक नसेल तर प्रदर्शन हा केवळ उपचार ठरतो, आणि प्रेक्षकच नसेल तर खरेदीदार कोठून यावा? कोल्हापुरातील कलाप्रदर्शनांचा खरा अभाव भिंतींचा आहे की पाहणाऱ्यांचा, आणि तो दूर करण्यात महाविद्यालयांचा वाटा कोणता, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

राजाश्रयाचा वारसा आणि त्यातील उणीव

शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात कलांना जो राजाश्रय लाभला, त्याची चर्चा विपुल झाली आहे. तथापि त्या आश्रयाचे स्वरूप प्रत्येक कलेच्या बाबतीत सारखे नव्हते, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. कुस्तीला खासबाग मैदान मिळाले. नाटकाला १९१५ साली पॅलेस थिएटर मिळाले, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. मैदान आणि नाट्यगृह या दोन्ही वास्तू मुळात प्रेक्षकांसाठी होत्या. हजारो माणसांनी एकत्र बसून पाहावे, दाद द्यावी, चुकले तर बोलावे, अशी सोय त्यांत होती. त्यामुळे या दोन्ही कलांना जाणकार प्रेक्षकांची एक परंपरा लाभली. डाव फसला की कोल्हापूरच्या मैदानात तो कसा फसला हे सांगणारे शेकडो लोक असतात.

चित्रकलेला असे मैदान मिळाले नाही. तिला मिळाला तो दरबार. आबालाल रहिमान यांच्यासारख्या असामान्य चित्रकाराला शाहू महाराजांनी आश्रय दिला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकाराने रंकाळा आणि कोटितीर्थ परिसराची निसर्गदृश्ये ज्या तन्मयतेने रंगवली, त्यांवर पुढील पिढ्यांचे निसर्गचित्रण उभे राहिले. परंतु ही चित्रे पाहण्याचा प्रसंग सामान्य नागरिकाच्या वाट्याला कितीसा येत असेल? १९२२ साली शाहू महाराजांचे निधन झाले, तेव्हा दुःखावेगाने आबालालांनी आपली अनेक चित्रे तळ्यात बुडवली, अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगितली जाते. तिचा तपशील कितपत खरा मानावा, हा इतिहासकारांचा विषय आहे. परंतु ती इतकी वर्षे टिकून राहिली, याचा अर्थ लावता येतो. आश्रयदाता गेल्यानंतर ते चित्र ठेवावे अशी दुसरी जागा, आणि ते आपले आहे असे म्हणणारा दुसरा कोणी शहरात नव्हता, ही जाणीव त्या कथेत दडलेली आहे.

चित्रकाराला व्यापक लोकसमुदायासमोर नेण्याचे काम पुढे रंगभूमीने आणि चित्रपटाने केले. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर या दोघांनी नाटक मंडळ्यांसाठी रंगवलेले पडदे हे त्या काळातील सर्वांत मोठे सार्वजनिक चित्रप्रदर्शन होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पुढे बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीद्वारे चित्रपटात पदार्पण केले. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला. चित्रपटाची भित्तिपत्रके त्यांनी चित्रकाराच्या दृष्टीने घडवली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक उपलब्ध जुन्या भारतीय भित्तिपत्रकांत गणले जाते. दामले आणि फत्तेलाल हे दोघे याच कंपनीत घडले. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे ते भागीदार झाले. कोल्हापूरचेच जी. कांबळे यांनी १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’साठी केलेले जाहिरातचित्रण तर देशभर गाजले.

या वैभवशाली परंपरेचे विश्लेषण केले असता एक गोष्ट लक्षात येते. नाटकाचा पडदा, चित्रपटाचा फलक, दुकानाची पाटी या सर्वांत चित्र हे दुसऱ्या कशासाठी तरी होते. त्यातून चित्रकारांना उपजीविका मिळाली, कौशल्य वाढले, शिष्यपरंपरा निर्माण झाली. परंतु चित्रासाठी चित्र पाहण्याची सवय शहराला त्यातून लागली नाही. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. काही दशकांनंतर छापील फ्लेक्सने हाताने रंगवलेल्या फलकांची जागा घेतली, तेव्हा चित्रकाराच्या उत्पन्नाबरोबर शहराशी असलेला त्याचा रोजचा संबंधही संपला. दरबार गेला, पडदा गेला, फलकही गेला आणि उरलेल्या पोकळीत ‘प्रदर्शन’ हा एकच मार्ग शिल्लक राहिला. या मार्गाची आजची अवस्था पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

प्रदर्शनाचे प्रचलित रूप

कोल्हापुरात चित्रकलेचे पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन यांसारख्या संस्था अनेक वर्षे कार्यरत आहेत. दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनाचे कलादालन हे प्रदर्शनांचे प्रमुख स्थान आहे. टाऊन हॉलमधील कोल्हापूर संग्रहालयात १९४६ पासून ब्रह्मपुरीच्या उत्खननातील वस्तू जतन केल्या असून, तेथे कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांच्या कृतीही पाहावयास मिळतात. राजारामपुरीतील चंद्रकांत मांढरे कलासंग्रहालय हे तर एका कलावंताने आपले राहते घर चित्रांसह समाजाला अर्पण केल्याचे दुर्मीळ उदाहरण होय. नट म्हणून महाराष्ट्रभर ओळखल्या गेलेल्या मांढरे यांची निसर्गचित्रे आणि पावडर शेडिंगच्या तंत्रातील कामे तेथे आहेत. म्हणजे चित्रे दाखवण्याच्या जागा मर्यादित असल्या तरी त्या मुळीच नाहीत, असे म्हणता येत नाही.

प्रश्न आहे तो या जागांत काय घडते याचा. प्रदर्शनाचा ठरीव साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रदर्शन तीन दिवसांपासून आठवडाभरापर्यंत चालते. पहिल्या दिवशी उद्घाटन होते. दीपप्रज्वलन, स्वागत, शाल-श्रीफळ, मनोगत, आभार या क्रमात दीड-दोन तास जातात. पाहुणे चित्रांसमोरून एक फेरी मारतात, अभिप्रायवहीत ‘अप्रतिम’ असे लिहितात आणि पुढील कार्यक्रमाला निघून जातात. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात बातमी येते. तीत उपस्थितांची नावे असतात, चित्रांची संख्या असते, प्रदर्शनाची वेळ असते. एखाद्या चित्राविषयी एक वाक्यही त्यात सहसा आढळत नाही. उरलेल्या दिवसांत कलावंताचे आप्त, मित्र आणि त्याच्या संस्थेचे विद्यार्थी येऊन जातात. शेवटच्या संध्याकाळी चित्रे उतरवली जातात. सूचिपत्र नसल्यामुळे आणि छायाचित्रांची नोंद ठेवण्याची पद्धत नसल्यामुळे वर्षभराने त्या प्रदर्शनात काय होते हे सांगणारा पुरावा सहसा उरत नाही.

या साच्याला अपवाद म्हणून ‘रंगबहार’ या संस्थेच्या ‘मैफल रंगसुरांची’ या उपक्रमाचा उल्लेख आवश्यक आहे. टाऊन हॉलच्या उद्यानात झाडांखाली बसून चित्रकार चित्रे रंगवतात, शिल्पकार माती घडवतात आणि सोबत गायन चालते. नागरिक मुलाबाळांसह येतात, कलावंताच्या खांद्यावरून पाहतात, प्रश्न विचारतात. बंद दालनाचा संकोच येथे नसतो, आणि खासबागेच्या मैदानात जो मोकळेपणा आहे त्याची आठवण व्हावी असा हा प्रसंग असतो. चित्रकलेला लोकांत नेण्याचे मोठे श्रेय अशा उपक्रमांना द्यावे लागेल.

तथापि प्रात्यक्षिकाच्या लोकप्रियतेची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. प्रात्यक्षिकात प्रेक्षक मुग्ध होतो तो हाताच्या सफाईने, वेगाने आणि समोर बसलेल्या व्यक्तीशी जुळणाऱ्या साम्याने. कोऱ्या कागदावर तासाभरात चेहरा उमटताना पाहणे ही आनंददायक गोष्ट आहे, यात शंका नाही. परंतु एखाद्या चित्रावर कलावंत महिनाभर थांबला असेल, त्यातील रंग त्याने तीनदा खरवडून काढला असेल, तर त्या थांबण्याचे मोल प्रात्यक्षिकाच्या सवयीने घडलेल्या डोळ्याला कळेलच असे नाही. कौशल्याला दाद देणारा प्रेक्षक आपल्याकडे आहे. दृष्टीला दाद देणारा प्रेक्षक मात्र अद्याप घडायचा आहे.

याचा परिणाम थेट चित्रांवर होतो. स्थानिक प्रदर्शनांत पंचगंगेचा घाट, रंकाळ्याची संध्याकाळ, जोतिबाचा डोंगर, पावसात भिजलेली पेठ, फेटा बांधलेला वृद्ध हे विषय वारंवार भेटतात. विषयांची पुनरावृत्ती हा दोष नव्हे. एकाच जलाशयाकडे पुन्हा पुन्हा वळणाऱ्या आबालालांना प्रत्येक वेळी निराळा प्रकाश दिसला. दोष तेव्हा निर्माण होतो, जेव्हा घाटाचे चित्र घाट पाहून न निघता आधीच्या घाटाच्या चित्रावरून निघते. पायऱ्यांवरील ओलसर छाया, कोपऱ्यातली लाल लुगड्याची खूण, दूरचा धूसर निळा हे सारे ठरून गेलेले असते. हा सांकेतिकपणा आहे असे कलावंताला कोणी सांगत नाही, कारण सर्वांनी अभिप्रायवहीत ‘अप्रतिम’ लिहिलेले असते. ‘स्थानिक’ हे विशेषण येथे कौतुकाची सवलत बनते, आणि ही सवलत कलावंताचे सर्वाधिक नुकसान करते. आपल्या गावात ज्याला परखड वाचक मिळाला नाही, त्याला तो मुंबईत प्रथमच भेटतो आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

मुंबईचा मार्ग आणि उपजीविकेचा प्रश्न

गावात प्रेक्षक न मिळालेला कलावंत साहजिकच मुंबईकडे पाहतो. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीची वार्षिक प्रदर्शने, कला संचालनालयाचे महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन आणि १९५२ पासून सुरू असलेले जहांगीर कलादालन हे महाराष्ट्रातील कलावंतांच्या प्रतिष्ठेचे टप्पे मानले जातात. या संधी खऱ्या आहेत आणि कोल्हापूरच्या अनेक कलावंतांनी त्या मिळवल्या आहेत. परंतु जहांगीरमध्ये स्वतंत्र प्रदर्शनासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. दालनाचे भाडे, चौकटी, वाहतूक, सूचिपत्र आणि मुंबईतील मुक्काम यांचा भार स्वतः उचलावा लागतो. विक्री झाली नाही तर हा खर्च कर्जाच्या रूपाने मागे राहतो. शिवाय निवड, परीक्षण आणि मूल्यमापन ही सारी प्रक्रिया गावाबाहेर घडते. गावाला कळतो तो फक्त निकाल. ‘मुंबईत प्रदर्शन झाले’ ही बातमी ऐकून कलावंताचा सत्कार होतो. ती चित्रे मात्र गावाने पाहिलेलीच नसतात.

चित्रकलेची पदविका घेतलेल्या बहुसंख्य तरुणांचा आधार शाळेतील कलाशिक्षकाची नोकरी हा होता. पगाराची निश्चिती आणि सुटीच्या दिवसांत स्वतःचे काम करण्याची मुभा या दोन गोष्टींवर जिल्ह्याजिल्ह्यांतील चित्रकला तगून राहिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शंभराहून अधिक पटसंख्या असल्यास, कलाशिक्षणाकरिता अंशकालीन निदेशकाची तरतूद करण्यात आली. ‘अंशकालीन’ या एका शब्दाने कलाशिक्षकाच्या पदाचे स्थान किती बदलते, हे महाविद्यालयीन अध्यापकांना, विशेषतः तासिका तत्त्वावर काम केलेल्यांना, वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. पूर्णवेळ नोकरीचा आधार डळमळीत झाला की प्रदर्शन हा हौसेचा विषय न राहता जगण्याचा विषय बनतो. गावात चित्र पाहिले जाणे, त्याविषयी बोलले जाणे आणि ते विकत घेतले जाणे, यांची निकड म्हणूनच पूर्वीपेक्षा आज अधिक आहे.

बडोद्याशी तुलना

या संदर्भात बडोद्याचे उदाहरण उद्बोधक ठरते. कोल्हापूर आणि बडोदे या दोन्ही मराठा संस्थानांच्या राजधान्या होत्या. दोन्ही ठिकाणी दूरदृष्टीचे आणि कलाप्रेमी राज्यकर्ते होऊन गेले. दोन्ही शहरे शिक्षणासाठी प्रसिद्ध झाली. फरक पडला तो स्वातंत्र्यानंतर. १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात लगेच पुढील वर्षी ललितकला विद्याशाखा सुरू झाली. इंदूरच्या मराठी वातावरणातून आलेले नारायण श्रीधर बेंद्रे यांनी चित्रकला विभागाची धुरा सांभाळली. १९५६ साली तेथील अध्यापक व विद्यार्थी ‘बडोदा ग्रुप’ म्हणून एकत्र आले. १९६१ पासून ललितकला मेळा भरू लागला. अध्यापक आणि विद्यार्थी यांनी मिळून केलेली खेळणी, मातीची भांडी, मुद्राचित्रे, शुभेच्छापत्रे अशा वस्तू त्यात माफक किमतीला विकल्या जात. शहरातील कुटुंबे त्यासाठी विद्यापीठाच्या आवारात येत.

या मेळ्याचे महत्त्व विक्रीपुरते मर्यादित नाही. नामवंत कलावंताने घडवलेले एखादे लाकडी खेळणे मध्यमवर्गीय घरात पोचले की त्या घराचा आणि कलाशाळेचा संबंध जुळतो. पुढच्या वर्षी तेच कुटुंब विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन पाहायला निःसंकोच येऊ शकते. कलाशिक्षण विद्यापीठाच्या आवारात असल्याने इतिहासाचा, साहित्याचा, विज्ञानाचा विद्यार्थीही चित्रांच्या संपर्कात येण्याची शक्यता निर्माण होते. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या स्थापनेबरोबर अशी विद्याशाखा उभी राहिली नाही. कलाशिक्षण कला संचालनालयाच्या पदविका अभ्यासक्रमांत आणि विद्यापीठीय शिक्षण महाविद्यालयांत, अशी विभागणी कायम झाली. एकाच शहरात चित्र काढायला शिकणारे आणि वाचायला-विचार करायला शिकणारे तरुण दोन वेगळ्या इमारतींत वाढले. कलाविद्यार्थ्याला समीक्षेची भाषा मिळाली नाही आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला चित्र वाचण्याचा डोळा मिळाला नाही. बडोद्याची नक्कल आज येथे करता येणार नाही. परंतु ही दोन आवारे जोडणारी वाट घालणे अशक्य नाही.

महाविद्यालय : एक विसरलेला आश्रयदाता

महाविद्यालये चित्रकलेपासून अलिप्त आहेत असा समज असला तरी वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. बहुतेक महाविद्यालयांच्या सभागृहात किंवा प्राचार्यांच्या दालनात संस्थापकांचे तैलचित्र असते. ते बहुधा स्थानिक चित्रकारानेच काढलेले असते. त्याला दररोज हार घातला जातो, जयंती-पुण्यतिथीला त्याचे पूजन होते. ते चित्र कोणी काढले, असे विचारल्यास मात्र उत्तर मिळेलच असे नाही. हीच गोष्ट शहराच्या चौकातही दिसते. कावळा नाक्यावरील महाराणी ताराराणींचा अश्वारूढ पुतळा ही कोल्हापूरची खूण आहे. तो रवींद्र मेस्त्री यांनी घडवला, हे तेथून रोज जाणाऱ्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल? महाविद्यालय कलावंताकडून काम करून घेते. त्याची ओळख करून देण्याची जबाबदारी मात्र ते घेत नाही.

दुसरे उदाहरण युवा महोत्सवाचे. स्थळचित्र, कोलाज, भित्तिपत्रक, व्यंगचित्र, मातीकाम, रांगोळी या स्पर्धा अडीच तासांच्या चौकटीत होतात. पारितोषिकप्राप्त विद्यार्थ्यांची छायाचित्रे फलकावर लागतात. मूळ कलाकृती बहुधा स्पर्धेनंतर गुंडाळून ठेवल्या जातात. प्रमाणपत्राची प्रत मूल्यांकनाच्या धारिकेत जाते, तर ज्या कामासाठी ते प्रमाणपत्र मिळाले ते काम महाविद्यालयातील दुसऱ्या वर्गालासुद्धा पाहायला मिळत नाही. उपक्रमाची नोंद राहते आणि अनुभव निसटतो, असे या स्थितीचे वर्णन करता येईल.

या पार्श्वभूमीवर महाविद्यालयांना सहज शक्य असलेल्या काही गोष्टी मांडता येतात. ग्रंथालयाची एक भिंत वर्षभर प्रदर्शनासाठी राखून ठेवावी आणि तेथे दर महिन्याला एका स्थानिक कलावंताची चार-पाच चित्रे लावावीत. तीन दिवसांत चाळीस चित्रे पाहण्यापेक्षा महिनाभर येता-जाता पाच चित्रे दिसत राहणे डोळा घडवण्यासाठी अधिक उपयुक्त आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि इतिहास विभागांच्या विद्यार्थ्यांना त्यांपैकी एका चित्रावर दोन पाने लिहावयास सांगावे आणि निवडक लेखन महाविद्यालयाच्या नियतकालिकात चित्राच्या प्रतिमेसह छापावे. कलावंताने एक तास विद्यार्थ्यांसमोर बसून प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि त्याबद्दल त्याला इतर अतिथी व्याख्यात्यांइतकेच मानधन मिळावे. प्रत्येक प्रदर्शनाची एक पानभर का होईना नोंद ठेवावी. दहा वर्षांनी याच नोंदी शहराच्या कलेतिहासाची साधने ठरतील.

यातील सर्वांत महत्त्वाची सूचना खरेदीची आहे. प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी स्थानिक कलावंताची एक कलाकृती विकत घ्यावी आणि ग्रंथाप्रमाणेच तिची नोंद दाखल-नोंदवहीत करावी. पाहुण्यांना दिल्या जाणाऱ्या स्मृतिचिन्हांवर आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर होणारा खर्च पाहता हा भार अवाजवी ठरणार नाही. पन्नास महाविद्यालयांनी हा नियम पाळला तर दहा वर्षांत पाचशे कलाकृतींचा सार्वजनिक संग्रह उभा राहतो. औंधसारख्या छोट्या गावात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले चित्रसंग्रहालय आजही टिकून आहे. संग्रह करण्यासाठी महानगर लागत नाही, हे त्याने सिद्ध केले आहे. तेथे जे एका राजाने केले, ते लोकशाहीत अनेक संस्थांनी मिळून करावयाचे आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात लागू झालेल्या श्रेयांक आराखड्यात सहअभ्यासक्रमांच्या गटामध्ये राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा, योग यांच्याबरोबर ललित, उपयोजित आणि दृश्य कलांचाही समावेश आहे. कला संस्था आणि महाविद्यालये यांच्यामधील जुनी भिंत ओलांडण्याची ही औपचारिक संधी आहे. हे श्रेयांक केवळ रांगोळी स्पर्धेतील सहभागावर भरून काढले गेले, तर मात्र ती वाया जाईल.

काही आक्षेपांचा विचार

या सूचनांवर तीन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप असा की, साहित्याच्या किंवा विज्ञानाच्या अध्यापकाला चित्रकलेतील काय कळते? यावर असे म्हणता येईल की, कुस्ती पाहणारा प्रत्येक जण पैलवान नसतो. पाहत राहिल्याने, जाणकारांच्या शेजारी बसल्याने आणि चुकीचे मत दुरुस्त होत गेल्याने प्रेक्षक तयार होतो. चित्राच्या बाबतीत हा शेजार कला संस्थांतील अध्यापक देऊ शकतात.

दुसरा आक्षेप विषयांबाबतचा आहे. महाविद्यालयाच्या आवारात कोणते चित्र लावावे, कोणते लावू नये, यावरून वाद होऊ शकतात. ही भीती निराधार नाही. अध्यापक, कलावंत आणि विद्यार्थी यांची निवड समिती असावी, तिचे निकष आधी लिहून ठेवलेले असावेत आणि निर्णयाची जबाबदारी समितीने सामूहिकरीत्या घ्यावी, हा त्यावरील व्यवहार्य मार्ग होय. वादाच्या भीतीने भिंत कोरी ठेवणे विद्यापीठीय शिक्षणाच्या हेतूशी सुसंगत नाही.

तिसरा आक्षेप गुणवत्तेचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. स्थानिक म्हणून जे मिळेल ते लावायचे काय? याचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थीच असले पाहिजे. निवड नसेल तर भिंतीला अर्थ उरत नाही. नाकारलेल्या कलावंताला नकाराची कारणे लेखी कळवली जावीत, एवढे पथ्य पाळले तरी आजच्या सरसकट स्तुतीपेक्षा ते अधिक आदराचे ठरेल.

समारोप

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा कोल्हापूरकर हळहळले. नाटक वर्षातून एकदाही न पाहणाऱ्यांनाही ते नाट्यगृह आपले वाटत होते, कारण शंभरहून अधिक वर्षे ते शहराच्या पाहण्याचा भाग होते. चित्राच्या बाबतीत ही आपलेपणाची भावना अजून निर्माण व्हायची आहे. ती सभागृहांची संख्या वाढवून आपोआप निर्माण होणार नाही, आणि उद्घाटनांची संख्या वाढवून तर नाहीच.

राजाश्रयाच्या काळात एका व्यक्तीची जाण पुरेशी होती. लोकाश्रयाच्या काळात ती जाण अनेकांमध्ये पेरावी लागते, आणि दरवर्षी तरुणांची नवी तुकडी आपल्या दारात येते असे महाविद्यालयासारखे दुसरे ठिकाण शहरात नाही. तीन वर्षांत त्या तरुणाने ग्रंथालयाच्या भिंतीवर तीस कलावंतांची चित्रे पाहिली, एकावर दोन पाने लिहिली आणि एका चित्रकाराला ‘हा रंग इथे का?’ असे विचारले, तर पुढे तो शिक्षक होवो, व्यापारी होवो वा तहसीलदार, शाहू स्मारक भवनावरून जाताना आत डोकावण्याची शक्यता नक्कीच वाढेल. महाविद्यालयांनी आरंभ करण्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. संस्थापकांच्या तैलचित्राखाली चित्रकाराचे नाव आणि वर्ष लिहिलेली एक छोटी पट्टी लावणे, हे पहिले काम येत्या आठवड्यातही करता येण्याजोगे आहे.